कॅल्शियम आणि मॅग्नेशियम : गोळ्यांचा आणि ताटाचा ताळेबंद

आपल्या मंडळाच्या कुठल्याही कार्यक्रमात पंगत उठली की साठीपुढच्या सभासदांच्या खिशातून आणि पर्समधून गोळ्यांच्या पट्ट्या बाहेर निघतात. रक्तदाबाची, साखरेची, पित्ताची आणि जवळजवळ प्रत्येकीकडे कॅल्शियमची. मॅग्नेशियमचे नाव मात्र क्वचितच कोणाच्या तोंडी येते. दोन वर्षांपूर्वीपर्यंत आमच्याही आले नव्हते. आम्ही बँकेत आयुष्य घालवलेली माणसे, वैद्यकशास्त्राशी आमचा संबंध औषधाच्या बिलापुरता. तरी हा लेख लिहितो आहोत, कारण या दोन क्षारांचा हिशेब आमच्याच घरात चुकला होता, आणि तो कसा चुकला हे कळायला फार वेळ लागला.

आमच्या सौ. धुण्याच्या जागी पाय घसरून पडल्या आणि उजवे मनगट मोडले. पडणे साधेच होते. अशा साध्या पडण्याने हाड मोडावे, याचा अर्थ हाडे ठिसूळ झाली आहेत असे सांगितले गेले. कॅल्शियमची ५०० ची गोळी दिवसातून दोनदा आणि आठवड्याला ‘ड’ जीवनसत्त्वाची साठ हजार युनिटची पुडी सुरू झाली. थायरॉइडची गोळी आधीपासून होतीच. सोय म्हणून सकाळी उठल्याबरोबर थायरॉइडची आणि कॅल्शियमची गोळी एकदमच घेतली जाई. चार-पाच महिन्यांत थायरॉइडचा आकडा बिघडला, म्हणून त्या गोळीची मात्रा वाढली. रात्री पोटऱ्यांत गोळे यायचे. रक्त तपासले तर एवढ्या गोळ्या घेऊनही कॅल्शियम थोडे कमीच. मग कॅल्शियम वाढवावे असे ठरले.

ज्या दुसऱ्या डॉक्टरांनी हा गुंता सोडवला त्यांनी पहिल्याच भेटीत एकच काम सांगितले : घरातल्या सगळ्या पट्ट्या पिशवीत घालून आणा. पिशवी टेबलावर उलटी केल्यावर त्यांनी कॅल्शियमकडे पाहिलेच नाही. पित्ताची गोळी उचलली आणि विचारले, “ही किती वर्षे?” सहा-सात वर्षे, रोज सकाळी उपाशीपोटी. त्यांनी मॅग्नेशियमची तपासणी करायला लावली. ते बरेच कमी निघाले. पित्ताची गोळी बदलली, काही आठवडे मॅग्नेशियम दिले, थायरॉइड आणि कॅल्शियमच्या वेळा वेगळ्या केल्या. कॅल्शियमची मात्रा अजिबात न वाढवता रक्तातले कॅल्शियम जागेवर आले, आणि पोटऱ्यांतले गोळेही गेले.

दोघांचे नाते

शरीरातले जवळजवळ ९९ टक्के कॅल्शियम हाडांत आणि दातांत असते. प्रौढ माणसाच्या अंगात ते साधारण एक किलो भरेल. मॅग्नेशियम सारे मिळून २५ ग्रॅमच्या आसपास, त्यातले निम्म्याहून अधिक हाडांत आणि बाकीचे बहुतेक स्नायूंत व इतर पेशींत. रक्तात एक टक्काही नसते. म्हणून रक्ताच्या तपासणीत मॅग्नेशियम ठीक दिसले तरी साठा भरलेला आहेच असे नाही. गल्ल्यातली रोकड मोजून बँकेच्या ठेवी सांगता येत नाहीत, तसेच हे. उलट रक्तातच कमी दिसले तर मात्र दुर्लक्ष करू नये.

रक्तातले कॅल्शियम सांभाळण्याचे काम गळ्यातल्या पॅराथायरॉइड नावाच्या चार बारीक ग्रंथींकडे असते. कॅल्शियम उतरले की त्या आपला संप्रेरक रस सोडतात. तो हाडांतून कॅल्शियम काढतो, मूत्रपिंडाला ते परत घ्यायला लावतो आणि ‘ड’ जीवनसत्त्वाला कामाला लावतो. मॅग्नेशियम फार कमी झाले की या ग्रंथींचे काम मंदावते, आणि जो रस सुटतो त्यालाही हाडे नीट दाद देत नाहीत. ‘ड’ जीवनसत्त्वाचे शरीराला वापरता येणाऱ्या रूपात रूपांतर करणाऱ्या प्रक्रियांनाही मॅग्नेशियम लागते. त्यामुळे मॅग्नेशियम भरून काढेपर्यंत वरून कॅल्शियम ओतून उपयोग होत नाही. आमच्या घरी नेमके हेच झाले होते.

दीर्घकाळ घेतलेल्या ओमेप्राझोल, पँटोप्राझोल या जातीच्या पित्ताच्या गोळ्यांनी काही जणांचे मॅग्नेशियम उतरते, असा इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०११ मध्येच दिला होता. आपल्याकडे या गोळ्या चिठ्ठीशिवाय वर्षानुवर्षे चालू असतात. लघवी वाढवणाऱ्या रक्तदाबाच्या काही गोळ्याही मॅग्नेशियम बाहेर टाकतात. मधुमेह आटोक्यात नसेल तर तेही लघवीवाटे जाते. आपल्या सभासदांपैकी कितीजण या तिन्ही यादीत बसतात, हे पंगतीतल्या पट्ट्या पाहून ज्याचे त्याने ठरवावे.

तार्नाक्याचे आकडे

किती हवे, याचे उत्तर शोधायला आपल्याला शहराबाहेर जावे लागत नाही. तार्नाक्याची राष्ट्रीय पोषण संस्था आपण बसमधून शंभरदा पाहिली असेल. ती मूळची हैदराबादची नव्हे. १९१८ मध्ये निलगिरीतल्या कुन्नूरला रॉबर्ट मॅककॅरिसन यांनी बेरीबेरीच्या अभ्यासासाठी एक छोटे केंद्र काढले, त्याची पुढे पोषण संशोधन प्रयोगशाळा झाली. १९५८ मध्ये ती हैदराबादला आली, आणि १९६९ मध्ये तिला आजचे नाव मिळाले. कुन्नूरहून हैदराबादला येण्याच्या त्या काळात तिचे संचालक होते डॉ. वि. ना. पटवर्धन. आपल्या माणसाचा हा वाटा आपल्याच लोकांना फारसा ठाऊक नाही, म्हणून विषय थोडा बाजूला ठेवून लिहिले.

या संस्थेने २०२० मध्ये भारतीयांसाठी जे नवे आकडे दिले त्यांत प्रौढ स्त्री-पुरुषांना रोज १००० मिलिग्रॅम कॅल्शियम सांगितले आहे, आणि पाळी गेलेल्या स्त्रियांना १२००. त्याआधी, २०१० च्या आकड्यांत, प्रौढांना ६०० च पुरे मानले होते. मॅग्नेशियम पुरुषांना ४४० आणि स्त्रियांना ३७० मिलिग्रॅम. हेही आधीच्या ३४० आणि ३१० वरून वाढले आहे. म्हणजे दोन्हींची मागणी वाढली, पण बातमी एकाचीच झाली.

‘कॅल्शियम दोन भाग, मॅग्नेशियम एक भाग’ असे प्रमाण मोबाइलवर फिरत असते. ते या आकड्यांत कुठेही नियम म्हणून दिलेले नाही. वरच्या आकड्यांचा भागाकार केला तर पुरुषांना सव्वादोनास एक, स्त्रियांना पावणेतीनास एक आणि पाळी गेलेल्यांना सव्वातीनास एक असे काहीसे येते. प्रमाणाच्या मागे लागून कॅल्शियमच्या गोळीबरोबर डोळे मिटून मॅग्नेशियमची गोळी घ्यायची गरज नाही. दोन्ही आपापल्या जागी पुरेसे मिळतात की नाही एवढे पाहावे.

ज्वारी सुटली तिथे

आपल्यातली बरीच घराणी नांदेड, परभणी, बीड, उस्मानाबाद, औरंगाबाद या भागांतली. १९५६ पर्यंत तो मुलूख आणि हे शहर एकाच हैदराबाद राज्यात होते. नोकरीसाठी, शिक्षणासाठी माणसे काचीगुडा, सुलतान बाजार भागात आली आणि इथलीच झाली. आमच्या आजोबांच्या घरी दोन्ही वेळा ज्वारीची भाकरी असे, भात सणावारी किंवा आजाऱ्याला. आमच्या वडिलांच्या काळात दुपारी भात आला. आमच्या काळात रात्रीही आला. मुलांना तर सोना मसुरीशिवाय जेवण झाल्यासारखे वाटत नाही. भाषा, सण, आडनावे सगळे टिकले, ताट मात्र बदलले. आणि आमच्या समजुतीप्रमाणे मॅग्नेशियम तिथेच गळाले.

याच संस्थेने २०१७ मध्ये भारतीय अन्नपदार्थांची कोष्टके नव्याने प्रसिद्ध केली. देशाच्या सहा विभागांतून नमुने घेऊन ५२८ पदार्थ तपासले आहेत. त्यांतले आकडे पाहण्यासारखे आहेत. १०० ग्रॅम ज्वारीत मॅग्नेशियम सुमारे १३३ मिलिग्रॅम, बाजरीत १२४, गव्हाच्या कणकेत १२५. आणि १०० ग्रॅम सडलेल्या पांढऱ्या तांदळात? सुमारे १९. न सडलेल्या तांदळात ते ९० च्या वर असते, म्हणजे बाकीचे गिरणीत कोंड्याबरोबर जाते आणि गुरांच्या पोटात पडते. ज्वारी सोडून पांढऱ्या भातावर आलेल्या माणसाचे धान्यातून मिळणारे मॅग्नेशियम सातव्या हिश्श्यावर येते.

कॅल्शियमला मात्र धान्याचा फारसा आधार नाही. ज्वारीत ते २८ च्या आसपास, तांदळात त्याहून कमी. अपवाद नाचणीचा : १०० ग्रॅममध्ये ३६४ मिलिग्रॅम कॅल्शियम आणि १४६ मॅग्नेशियम. इथे ती रागी म्हणून कुठल्याही किराणा दुकानात मिळते. तेलंगणातली अंबली आणि आपली आंबील या सख्ख्या बहिणी आहेत. नाचणी आंबवल्याने किंवा मोड आणल्याने तिच्यातले जे घटक क्षारांना धरून ठेवतात ते कमी होतात, आणि क्षार अंगी लागणे सोपे होते.

दुधाची गंमत अशी की ते कॅल्शियमच्या बाजूने फार झुकलेले आहे. १०० मिलिलिटरला सुमारे १२० मिलिग्रॅम कॅल्शियम, मॅग्नेशियम जेमतेम १०. दही, ताकाचेही तसेच. म्हणून नुसत्या दूध-भातावर राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसाला कॅल्शियम मिळते, मॅग्नेशियम मिळत नाही. ते डाळी, शेंगदाणे, तीळ, बदाम, भोपळ्याच्या बिया आणि पालेभाज्यांतून येते. तीळ दोन्हींना चालतो. एक मोठा चमचा, म्हणजे साधारण १० ग्रॅम न सडलेल्या तिळातून शंभराहून अधिक मिलिग्रॅम कॅल्शियम आणि ३५ च्या आसपास मॅग्नेशियम मिळते. हैदराबादी बघारे बैंगन आणि मिरचीच्या सालनात तीळ, शेंगदाणे, खोबरे वाटून घालतात. या बाबतीत इथल्या स्वयंपाकाने आपल्या तिळाच्या चटणीला चांगली जोड दिली आहे. तेलाचे तेवढे सांभाळावे.

पालेभाज्यांत पालकाबद्दल गैरसमज आहे. पालकात कॅल्शियम असते, पण ऑक्झलेटही भरपूर असते, ते कॅल्शियमला बांधून टाकते आणि फार थोडेच अंगी लागते. शेवग्याचा पाला आणि मेथी त्यापेक्षा बऱ्या. तांदुळजा किंवा राजगिरा, ज्याला मंडईत तोटकूरा म्हणून हाक मारतात, त्यातही ऑक्झलेट बरेच असते, पण कॅल्शियम १०० ग्रॅममागे तीनशेच्या वर असल्याने आणि मॅग्नेशियमही चांगले असल्याने आठवड्यातून दोनदा करायला हरकत नाही.

आता एका दिवसाचा अंदाजी हिशेब. दोन ज्वारीच्या भाकऱ्या (१०० ग्रॅम पीठ), थोडा भात, एक वाटी घट्ट वरण, एक वाटी तोटकूऱ्याची भाजी, चमचाभर तिळाची चटणी, मूठभर शेंगदाणे आणि दूध-दही मिळून ४०० मिलिलिटर. कॅल्शियम ९०० च्या पुढे जाते आणि मॅग्नेशियम ४०० च्या जवळपास. तेच दोन्ही वेळा पांढरा भात, पातळ सांबार, बटाट्याची भाजी, चहाचे दूध आणि वाटीभर दही असे असेल तर कॅल्शियम ३०० ते ४०० आणि मॅग्नेशियम शंभर-सव्वाशेच्या घरात राहते. दुसऱ्या ताटातही पोट भरते, म्हणून तूट कोणाच्या लक्षात येत नाही.

पाण्याचे काय

बोअरच्या पाण्याने नळ पांढरे पडतात, डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही. हे सगळे कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचेच प्रताप. भारतीय मानकाप्रमाणे पिण्याच्या पाण्यात लिटरला ७५ मिलिग्रॅमपर्यंत कॅल्शियम आणि ३० पर्यंत मॅग्नेशियम असावे, दुसरी सोय नसेल तर अनुक्रमे २०० आणि १०० पर्यंत चालते. लिटरला ६० कॅल्शियम आणि २५ मॅग्नेशियम असलेले पाणी दिवसाला दोन लिटर प्यायले तर १२० आणि ५० मिलिग्रॅम फुकट मिळतात. आरओ यंत्र हे बहुतेक सगळे काढून टाकते. महापालिकेचे चांगले पाणी येत असताना केवळ चवीसाठी आरओ लावला असेल तर विचार करावा. पण बोअरच्या पाण्यात फ्लोराइड असेल तर आरओ काढू नये. नलगोंडा इथून फार लांब नाही. तिथल्या फ्लोराइडच्या पाण्याने गुडघे आत वळलेल्या मुलांचे वर्णन पोषण संस्थेच्याच शास्त्रज्ञांनी १९७० च्या दशकात केले होते, आणि आहारात कॅल्शियम कमी असेल तर फ्लोराइडचा मार अधिक बसतो.

गोळ्या घ्यायच्याच असतील तर

ताटातून भागत नसेल, हाडांची घनता कमी निघाली असेल किंवा डॉक्टरांनी सांगितले असेल तर गोळी घ्यावीच. पण पट्टीच्या मागचे बारीक अक्षर वाचावे. कॅल्शियम कार्बोनेट १२५० मिलिग्रॅम लिहिले असेल तर त्यात खरे कॅल्शियम ५०० असते. कार्बोनेट जेवणाबरोबर घ्यावे, कारण त्याला जठरातले आम्ल लागते. सायट्रेट केव्हाही चालते, आणि पित्ताची गोळी चालू असणाऱ्यांना तेच बरे पडते. एका वेळी ५०० पेक्षा जास्त घेऊन फायदा नाही, शरीर तेवढे शोषत नाही. ताटातून ७०० मिळत असतील तर उरलेल्या ३०० ते ५०० साठीच गोळी, पूर्ण हजारासाठी नव्हे. गोळ्यांतल्या जादा कॅल्शियमने मुतखड्याचा धोका वाढतो, हे अमेरिकेत पाळी गेलेल्या हजारो स्त्रियांवर झालेल्या मोठ्या अभ्यासात २००६ मध्ये दिसले. जेवणातल्या कॅल्शियमने मात्र तो वाढत नाही, उलट ते आतड्यातच ऑक्झलेटला धरून बाहेर नेते. मुतखडा झाला म्हणून दूध बंद करणारे आमच्या माहितीत बरेच आहेत. त्यांनी डॉक्टरांना एकदा विचारावे.

मॅग्नेशियमच्या गोळीतही तोच घोळ. ग्लायसिनेट १००० असे मोठ्या अक्षरात छापलेले असते, पण खरे मॅग्नेशियम त्याच्या सातव्या हिश्श्याइतके किंवा त्याहूनही कमी. ऑक्साइडमध्ये जास्त असते, पण ते नीट शोषले जात नाही आणि पोट सुटते. अमेरिकेतल्या तज्ज्ञांनी गोळ्यांतून घेण्याच्या मॅग्नेशियमची वरची मर्यादा ३५० मिलिग्रॅम ठेवली आहे. जेवणातल्याला मर्यादा नाही. ज्यांची मूत्रपिंडे कमजोर आहेत त्यांनी स्वतःच्या मनाने मॅग्नेशियम कधीही घेऊ नये, ते अंगात साठते आणि हृदयावर परिणाम करते. पोट साफ होण्यासाठी घेतलेले मिल्क ऑफ मॅग्नेशिया आणि पित्तावरचे पांढरे-गुलाबी पातळ औषध यांतही मॅग्नेशियम असते, हे अशा लोकांच्या लक्षात नसते.

साठ हजारांच्या पुडीबद्दल : ती ठराविक आठवड्यांसाठी असते. चिठ्ठीवरची तारीख उलटून गेल्यावरही वर्षभर दर रविवारी घेत राहणारे सभासद आम्ही पाहिले आहेत. जास्त झालेले ‘ड’ जीवनसत्त्व रक्तातले कॅल्शियम वाजवीपेक्षा वर नेते.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे वेळा. थायरॉइडची गोळी आणि कॅल्शियम यांच्यात चार तासांचे अंतर हवे. मॅग्नेशियमला आणि लोहाच्या गोळीलाही तेच लागू. लोह आणि कॅल्शियम एकत्र घेऊ नये. सिप्रोफ्लॉक्सासिन किंवा डॉक्सिसायक्लिनसारखी प्रतिजैविके चालू असतील तर त्यांनाही कॅल्शियम-मॅग्नेशियम निकामी करतात, म्हणून डॉक्टरांना विचारून काही तासांचे अंतर ठेवावे. हाडांसाठी आठवड्याला एकदा घ्यायची अॅलेन्ड्रोनेटची गोळी उपाशीपोटी, साध्या पाण्याबरोबर घ्यायची असते, तिच्याबरोबर दूधसुद्धा नको.

आमच्या फ्रिजच्या दारावर आता एक कागद चिकटवलेला आहे. सकाळी सहाला थायरॉइड, साडेआठला नाश्ता, दुपारी जेवताना कॅल्शियमची एकच गोळी. रात्रीची गोळी बंद झाली, तिच्या जागी तिळाची चटणी आणि रात्रीच्या भाताऐवजी भाकरी आली. ज्वारी गिरणीतून महिन्याला पाच किलो दळून आणतो. सौ.चे मनगट जुळले, पण पूर्वीसारखे पूर्ण वळत नाही, भाकरी थापताना कळ येते. त्यामुळे थापण्याचे काम आमच्याकडे आले आहे. पहिले दोन महिने तव्यावर टाकताना हमखास मोडायची. जमले नाही त्या दिवशी कोपऱ्यावरच्या जोन्ना रोट्टेवालीकडून चार घेऊन येत असू, आणि अजूनही पाहुणे आले की तिच्याकडेच जातो.